सम्यक् वाचा आणि आपली मुले



आपल्या घरातील मूल बोलके असावे की गप्प असावे, हा प्रश्न वरवर पाहता फार किरकोळ वाटेल. काही मुले स्वभावतःच बोलकी असतात, काही अबोल असतात, त्यात धम्माचा काय संबंध, असे कोणीही विचारील. मीही असेच समजत होतो. आज मात्र मला तो धम्माचाच प्रश्न वाटतो. तो तसा का वाटतो हे सांगण्यापूर्वी मला माझा एक अपराध कबूल केला पाहिजे.

मी एका माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवितो. तीन वर्षांपूर्वी माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या कुटुंबाने नुकतीच धम्मदीक्षा घेतलेली. सहा डिसेंबरच्या निमित्ताने तालुक्याच्या गावी वक्तृत्व स्पर्धा होती. त्या मुलाचा आवाज चांगला, पाठांतर चांगले, म्हणून मी त्याची निवड केली. महाडच्या सत्याग्रहावरचे भाषण मी स्वतः लिहून दिले. आवाज कोठे चढवावयाचा, हात कोठे उंचावयाचा, कोठे क्षणभर थांबावयाचे, सारे पंधरा दिवस घोटून घेतले. मुलाने पहिला क्रमांक आणला. वस्तीत त्याचे कौतुक झाले, शाळेच्या फळ्यावर नाव लागले, आणि एक वक्ता घडविला म्हणून माझीही छाती फुगली.

पुढे जानेवारीत सहलीची वर्गणी गोळा करण्याचे काम मी त्याच्याकडेच दिले. हिशेब करताना दोनशे रुपये कमी भरले. मी त्याला भर वर्गात उभे केले आणि विचारले, "घेतलेस का?" तो मान खाली घालून उभा राहिला. मी पुन्हा विचारले. तो पायाच्या अंगठ्याने फरशी उकरीत उभाच राहिला. त्या गप्प राहण्याचा मी एकच अर्थ काढला, आणि सहलीच्या यादीतून त्याचे नाव खोडले. दुसऱ्या दिवशी हजेरीपटाला घातलेल्या कव्हरात त्या नोटा सापडल्या. त्या तेथे मीच ठेवल्या होत्या.

वर्गासमोर मी माझी चूक सांगितली आणि त्याची माफी मागितली. नंतर त्याला एकट्याला बोलावून विचारले, "अरे, मग तू बोलला का नाहीस?" तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "तेव्हा काय बोलायचं असतं, सर?"

त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. त्याची आई म्हणाली, "त्याचं काही चुकलं न्हाई सर. मीच सांगितलंय त्याला, मास्तरांपुढं तोंड उघडू नको म्हणून. उलटं बोलला म्हणून शाळंतनं नाव काढलं तर कुणाच्या दारात जाऊ?"

महाडच्या सत्याग्रहावर सहा मिनिटे न अडखळता बोलणारा मुलगा "मी पैसे घेतले नाहीत" ही चार शब्दांची गोष्ट बोलू शकला नाही. मग मी त्याला शिकविले ते काय? मी त्याला माझे शब्द पाठ करावयास शिकविले. स्वतःचे शब्द उच्चारण्याचे बळ मी त्याला दिले नव्हते. आणि तो गप्प राहिला तेव्हा त्याच्या मुकेपणालाच मी चोरीचा पुरावा ठरविले. माझ्यासारखा, ज्याच्या घराण्यात आधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते असा माणूसही असे करू शकतो, तर इतरांना काय बोल लावावा?

मुकेपण कोठून आले?

त्या आईला अडाणी म्हणणे सोपे आहे. पण तिचा सल्ला अडाणीपणातून आलेला नव्हता. तो पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवातून आलेला होता. आपल्या वाडवडिलांना बोलण्याची मुभा होती, पण ती ठरवून दिलेले शब्द बोलण्याची. कमरेत वाकून "जोहार मायबाप" म्हणावयाचे, हुकूम ऐकावयाचा, आणि "जी" म्हणून निघावयाचे. एवढीच भाषा गावाने त्यांना दिली होती. याहून जास्त जो बोलला त्याचे काय झाले, हे प्रत्येक वस्तीतील म्हातारी माणसे सांगतील. त्या काळी लेकराला "गप्प बस" म्हणणे हा लेकराचा जीव वाचविण्याचा उपाय होता.

म्हणूनच परमपूज्य बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी आपले पहिले पाक्षिक काढले तेव्हा त्याला 'मूकनायक' हे नाव दिले. आपला समाज दरिद्री होता, अशिक्षित होता, पण नाव देताना त्यांनी निवडले ते त्याचे मुकेपण. त्याच्या आदल्याच वर्षी, १९१९ साली, साउथबरो समितीपुढे साक्ष देऊन अस्पृश्यांच्या वतीने कोणी परक्याने बोलावे ही रीत त्यांनी मोडावयास आरंभ केला होता. पुढे १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेत त्यांनी जे मांडले त्याचे मूळही येथेच आहे. आमचे दुःख आम्ही सांगू, आमच्या शब्दांत सांगू, हे ते मूळ.

आणि आपल्या समाजाने बोलण्याचा पहिला धडा कोणत्या शाळेत गिरविला? तो गिरविला रस्त्यावर, "जोहार" टाकून "जय भीम" म्हणताना. कामठीचे बाबू हरदास (१९०४–१९३९) यांनी हे अभिवादन रूढ केले असे मानले जाते. या दोन शब्दांसाठी वाकावे लागत नाही. लहान मोठ्याला म्हणतो, मोठा लहानाला म्हणतो, बाई पुरुषाला म्हणते, आणि उत्तर तेच येते. एका अभिवादनाने माणसाची मान सरळ झाली. यावरून वाणी किती मोठी गोष्ट आहे याचा विचार करावा.

पण अभिवादन बदलले म्हणजे सारे बदलले असे नाही. आपल्या घरात अजून "मोठ्यांच्या मध्ये बोलू नको", "पोरीच्या जातीला एवढं तोंड बरं नव्हे" ही वाक्ये रोज ऐकू येतात. गावाने आपल्याला गप्प केले, आणि आपण ते गप्प बसणे वळण म्हणून मुलांना देत राहिलो. धम्म घेतल्यावर घरातले देव्हारे आपण काढले, पण हे वळण तसेच राहिले.

मौन वेगळे आणि मुकेपण वेगळे

येथे कोणी म्हणेल की बुद्धाने तर मौनाचा गौरव केला आहे. भिक्खू एकत्र जमले तर त्यांनी धम्मचर्चा करावी किंवा आर्य मौन पाळावे, असे तथागतांनी सांगितले आहे. जग शाश्वत आहे की अशाश्वत, असल्या प्रश्नांवर मालुंक्यपुत्ताला त्यांनी उत्तर दिले नाही. मग मुलाने मौन पाळले तर बिघडले कोठे?

बिघडले ते असे. मौन पाळणाऱ्याला बोलता येत असते, आणि विचार करून तो बोलत नाही. मुक्याला बोलावयाचे असते, पण भीतीने त्याची जीभ उचलत नाही. एकाच्या न बोलण्यामागे प्रज्ञा आहे, दुसऱ्याच्या न बोलण्यामागे दास्य आहे. बाहेरून दोघे सारखेच दिसतात. मीही त्या मुलाच्या बाबतीत असाच फसलो. दास्यातून आलेल्या गप्पपणाला धम्मात शील म्हटलेले नाही.

आपण रोज पंचशील म्हणतो. त्यातील चौथे शील असत्य न बोलण्याचे आहे. अष्टांगिक मार्गातील सम्यक् वाचेत याच्याही पुढे जाऊन चार गोष्टी टाळावयास सांगितल्या आहेत: खोटे बोलणे, चहाडी करून माणसात फूट पाडणे, कठोर बोलून मन दुखविणे आणि अर्थहीन बडबड करणे. या चारांपैकी एकही गोष्ट न करण्याचा सोपा मार्ग म्हणजे तोंडच न उघडणे, असे कोणाला वाटेल. पण मग दगडाला सर्वांत मोठा शीलवान म्हणावे लागेल. त्या दिवशी वर्गात एक असत्य बोलले गेले, ते मी बोललो. आणि त्याला अडविणारे सत्य उच्चारले गेले नाही म्हणून ते टिकले. जेथे सत्य बोलणारा गप्प राहतो तेथे असत्याला साक्षीदाराची गरजच उरत नाही.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. 'कठोर बोलू नका' हे शील दुबळ्यालाच ऐकविण्याची एक रीत आहे. ज्याच्यावर अन्याय झाला तो बोलू लागला की लोक म्हणतात, "तू म्हणतोस ते बरोबर असेल, पण जरा गोड बोल." गोड बोलले तर ऐकत नाहीत, आणि जोराने बोलले तर उद्धट म्हणतात. मग आपल्या मुलांना आपण काय शिकवावे?

मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात याचे उत्तर आहे. निगंठ नातपुत्ताने राजकुमार अभयाला शिकवून पाठविले की, दुसऱ्याला अप्रिय वाटेल असे बोलणे तथागत बोलतात काय, असे विचार. हो म्हटले तरी अडचण, नाही म्हटले तरी अडचण, असा तो प्रश्न होता. अभयाच्या मांडीवर एक तान्हे मूल होते. तथागतांनी विचारले, या मुलाने तोंडात काडी किंवा खडा घातला तर तू काय करशील? अभय म्हणाला, मी तो काढीन, सहज निघाला नाही तर बोट वाकडे करून, रक्त आले तरीही काढीन, कारण मला मुलाची करुणा आहे. तथागतांनी सांगितले की त्यांचेही बोलणे तसेच आहे. जे खरे नाही किंवा हिताचे नाही ते ते बोलत नाहीत, मग ते ऐकणाऱ्याला कितीही गोड लागो. जे खरे आहे आणि हिताचे आहे ते ते योग्य वेळ पाहून बोलतात, मग ते प्रिय असो वा अप्रिय.

बंधूंनो, यात कसोट्या तीन आहेत: खरे आहे काय, हिताचे आहे काय, वेळ योग्य आहे काय? 'ऐकणाऱ्याला गोड लागेल काय' ही कसोटी त्यात नाही. खड्याला खडा म्हणणे म्हणजे कठोर वाचा नव्हे. कठोर वाचा म्हणजे दुसऱ्याला दुखविण्याच्या हेतूने बोलणे. "सर, मी पैसे घेतले नाहीत, तुम्ही न पाहता मला चोर म्हणालात" हे मला अप्रिय वाटले असते, पण ते सम्यक् वाचेतच बसले असते.

थेरीगाथेतील पुण्णिकेची कथा मी आता दर वर्षी वर्गात सांगतो. ती दासी होती, कडाक्याच्या थंडीतही मालकिणींच्या भीतीने नदीवर पाणी भरावयास जाई. तेथे एक ब्राह्मण कुडकुडत स्नान करताना तिने पाहिला. तिने त्याला शिवी दिली नाही, आणि दासी आहे म्हणून खाली मान घालून निघूनही गेली नाही. तिने प्रश्न विचारला: तुम्ही कशाच्या भीतीने कुडकुडता? पाप धुण्यासाठी, असे तो म्हणाला. तेव्हा तिने त्याला विचार करावयास लावले की पाण्याने शुद्धी होत असेल तर बेडूक, कासवे आणि मगरी सगळ्यांच्या आधी स्वर्गात जातील. आणि नदी पाप वाहून नेत असेल तर पुण्यही वाहून नेईल. त्या ब्राह्मणाला ते पटले आणि तो बुद्धाला शरण गेला. एका पाणी भरणाऱ्या दासीचे हे संभाषण आहे. ते खरे होते, समोरच्याच्या हिताचे होते, आणि त्याची वेळही तिने नेमकी गाठली होती. संभाषण-कौशल्याचे याहून चांगले उदाहरण मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळलेले नाही.

"तू कोण?" या प्रश्नाचे उत्तर

नवदीक्षित घरातील मुलापुढे एक प्रश्न वारंवार येतो, आणि तो वर्गातील कोणत्याही धड्यात नसतो. "तू कोण?" बाबासाहेबांनाही तो बालपणी विचारला गेला होता. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत त्यांनी १९०१ सालचा एक प्रवास लिहून ठेवला आहे. भाऊ आणि भाचे यांच्यासह ते वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाले होते. मसूर स्टेशनावर उतरल्यावर स्टेशनमास्तराने विचारले, तुम्ही कोण? बाल भीमरावांनी फारसा विचार न करता खरे ते सांगून टाकले की आम्ही महार आहोत. त्या क्षणी त्या माणसाचा चेहराच बदलला. पुढे गाडीवाल्यांनी दुप्पट भाडे मागितले आणि गाडी मुलांनाच हाकावी लागली. रात्री तहान लागली तेव्हा नाक्यावरच्या माणसाला त्यांनी आपण मुसलमान आहोत असे सांगून पाहिले. तरीही पाणी मिळाले नाही.

या प्रसंगाचा मी फार विचार केला आहे. त्या लहान मुलाने खोटे सांगितले म्हणून त्याचे शील मोडले असे कोण म्हणेल? ज्या समाजाने घोटभर पाण्याची किंमत असत्य ही ठरविली, ते पाप त्या समाजाचे आहे. पण धम्मदीक्षेचा एक अर्थ असा आहे की आपल्या मुलांवर ती वेळ पुन्हा येऊ नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो माणसांनी जे उच्चारले ते मोठ्याने उच्चारले, मनातल्या मनात नव्हे. दीक्षा हीच मुळी वाणीने केलेली कृती आहे.

मग शाळेत "बौद्ध म्हणजे नक्की कोण?" किंवा "बौद्ध झालात तर सवलत कशी घेता?" असे कोणी विचारले तर आपले मूल काय सांगणार? बहुतेक मुले लाजतात, विषय टाळतात किंवा भांडतात. कारण घरात याविषयी त्यांच्याशी कोणी बोललेलेच नसते. मुलाला सरळ सांगता आले पाहिजे: "आम्ही बुद्धाचा धम्म मानतो. त्यात जन्माने कोणी उच्च किंवा नीच नाही. सवलत ही जातीने केलेल्या नुकसानीची भरपाई आहे. धर्म बदलल्याने ते नुकसान एका दिवसात भरून निघत नाही, म्हणून १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश झाला." हे शांतपणे, मान वर करून सांगावे. विचारणाऱ्याला खरोखर जाणून घ्यावयाचे असेल तर त्याला ज्ञान मिळेल, आणि हिणवावयाचे असेल तर त्याला दिसेल की या मुलाला कशाचीही लाज वाटत नाही. पण हे उत्तर मुलाने स्वतःच्या शब्दांत तयार केले पाहिजे. मी लिहून दिले तर तेही महाडच्या भाषणासारखे वाया जाईल.

कोणाची भाषा शुद्ध?

मुले न बोलण्याचे आणखी एक कारण आम्ही शिक्षकच आहोत. मूल "पानी" म्हणाले की आम्ही "पाणी म्हण" असे ओरडतो, "व्हतं" म्हणाले की वर्ग हसतो. दोनदा हसू झाले की ते मूल तिसऱ्यांदा हात वर करीत नाही. शुद्ध काय, अशुद्ध काय, हे ठरविण्याचा अधिकार ज्यांच्या हाती होता त्यांनी आपल्या घरची भाषा शुद्ध ठरविली, एवढेच त्यामागचे सत्य आहे.

तथागतांची दृष्टी याबाबत किती उदार होती पाहा. अरणविभंग सुत्तात ते सांगतात की एकाच भांड्याला कोठे 'पाती' म्हणतात, कोठे 'पत्त', कोठे 'सराव'. आपल्याच प्रदेशाचा शब्द खरा, बाकीचे खोटे असा हट्ट धरू नये. याच सुत्तात त्यांनी घाईघाईने न बोलता सावकाश बोलावे असेही सांगितले आहे. घाईने बोलणाऱ्याचे शरीर थकते, मन क्षुब्ध होते, घसा बसतो आणि शब्द स्पष्ट कळत नाहीत. ब्राह्मण कुळातील दोन भिक्खूंनी बुद्धवचने छंदस् भाषेत घालण्याची परवानगी मागितली तेव्हा तथागतांनी ती नाकारली, ही विनयपिटकातील कथाही आपल्याला माहीत असावी. थोर धम्म लोकांच्या बोलीत सांगितला जाऊ शकतो, तर आठवीतल्या मुलाची तक्रार का सांगितली जाऊ शकत नाही?

याचा अर्थ प्रमाण भाषा शिकू नये असा मुळीच नव्हे. अर्ज, मुलाखत, सभा, न्यायालय येथे ती लागते, आणि ती आपल्या मुलांना उत्तम आली पाहिजे. पण ती मुलाच्या बोलीत भर म्हणून यावी. त्याची बोली उपटून तिच्या जागी नव्हे. इंग्रजीचेही तसेच. पोटाला चिमटा घेऊन मुलांना 'स्पोकन इंग्लिश'च्या क्लासला घालणारे पालक मला रोज भेटतात. इंग्रजी जरूर शिकवावी, बाबासाहेबांनी जगापुढे आपली बाजू त्याच भाषेत मांडली. मात्र आईच्या भाषेत ज्याला "हे मी केले नाही" म्हणता येत नाही, त्याला ते इंग्रजीतही म्हणता येणार नाही. कारण अडते ते शब्दांपाशी नव्हे, भीतीपाशी.

काय करावे?

शाळांत बोलणे शिकविण्याची सोय नाही असे नाही. तोंडी परीक्षा आहे. पण तिचे काय झाले? २०१८-१९ या वर्षी दहावीच्या भाषा विषयांचे अंतर्गत मूल्यमापनाचे गुण बंद झाले, राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला, आणि पुढल्या वर्षापासून ते गुण पुन्हा सुरू झाले. मुलाच्या तोंडून दोन वाक्ये न ऐकता वीसपैकी अठरा गुण देणारे शिक्षक आम्हीच आहोत. म्हणून केवळ शाळेवर विसंबून भागणार नाही.

त्या घटनेनंतर मी वर्गात काही साध्या गोष्टी सुरू केल्या. वक्तृत्वाचे भाषण आता मी लिहून देत नाही. प्रश्न विचारतो, आणि मुलाच्या उत्तरांतून त्याचेच भाषण तयार होऊ देतो. रोज पाच मिनिटे दोन मुले आपल्या मनातील एक गोष्ट उभे राहून सांगतात. पाठ केलेले चालत नाही. तक्रार मांडावयाची असेल तर तिचे तीन भाग करावयास शिकवितो: घडले काय, मी स्वतः पाहिले काय, आणि माझे मागणे काय. "तो नेहमीच मला त्रास देतो" याऐवजी "काल मधल्या सुट्टीत त्याने माझा डबा फेकला, मला तो भरून पाहिजे" असे बोलता आले की रडणेही थांबते आणि मारामारीही. वादात उत्तर देण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे आधी त्याला पटेल अशा रीतीने परत सांगावे लागते. हा नियम मुलांना सर्वांत अवघड जातो. मोठ्यांनाही जाईल.

यातील शेवटचा नियम मी धम्मातून घेतला. बुद्धाच्या अनुयायाला 'श्रावक' म्हणतात. श्रावक म्हणजे ऐकणारा. ऐकणारा नसेल तर बोलणारा निर्माणच होत नाही. आणि येथे पालकांनो, तुमचे काम सुरू होते. मूल घरी येऊन काही सांगू लागले की हातातले काम व मोबाईल बाजूला ठेवून ते शेवटपर्यंत ऐका. मध्येच "तूच काहीतरी केलं असशील" म्हणू नका. मुलीचेही तितकेच ऐका. १९४२ सालच्या जुलैत नागपूरला दलित महिलांची परिषद सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरली. त्या बाया त्या काळात व्यासपीठावर उभ्या राहून ठराव मांडत होत्या. त्यांच्या नाती-पणतींना आपण "हळू बोल" म्हणून गप्प करावे, हे शोभत नाही.

राहुलाला तथागतांनी दिलेला उपदेश घरोघरी शिकवावा असा आहे. आरसा कशासाठी असतो, असे त्यांनी राहुलाला विचारले. पाहण्यासाठी, असे तो म्हणाला. तसेच कृती असो, वाणी असो वा विचार असो, आधी, करताना आणि नंतर तपासून पाहावे, यामुळे मला किंवा दुसऱ्याला दुःख होईल काय, असे त्यांनी त्याला सांगितले. लक्षात घ्या, तथागतांनी मुलाला "गप्प बस" म्हटले नाही, "तपासून बोल" म्हटले.

आपली विहारेही याला मदत करू शकतात. रविवारच्या वंदनेत मुले पाली गाथा खडाखडा म्हणतात, पण अर्थ विचारला तर माझ्या वक्त्यासारखी गप्प होतात. वंदनेनंतर दहा मिनिटे केवळ मुलांच्या प्रश्नांसाठी ठेवावीत. वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. ते दर वेळी एकाच शिकलेल्या गृहस्थाने का करावे? एक पान सातवीतल्या मुलीने वाचावे, एक तिच्या आईने अडखळत वाचावे, आणि इतरांनी न हसता ऐकावे. एखाद्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला आले नाही तर "मला माहीत नाही, आपण शोधू" असे म्हणावे. मुलांपुढे असे म्हणणे हीसुद्धा सम्यक् वाचा आहे.

बोलण्यात धोका नाही असे खोटे आश्वासन मी देणार नाही. बोलल्यामुळे आजही मार खावा लागतो, आणि त्या आईची भीती खोटी नव्हती. म्हणून तर तथागतांनी वेळेची कसोटी सांगितली. कोठे लगेच बोलावे, कोठे थांबावे, कोठे चार माणसे बरोबर घेऊन बोलावे, हे मुलाला कळले पाहिजे. पण थांबणारा मूल पुढे बोलणार असतो. थांबणे आणि कायमचे गप्प बसणे यांत फरक आहे, आणि तो मुलाला घरातूनच शिकवावा लागतो.

तो मुलगा पुढील वर्षी नववीत गेला. एके दिवशी शाळा सुटल्यावर, सगळे गेल्यावर, तो माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "सर, सकाळी तुम्ही तिला न विचारताच रागावलात. वही तिनं आणली होती. मी पाहिली होती." माझ्या मनात आधी रागच आला, हे मी लपवीत नाही. मग लक्षात आले की त्याचे म्हणणे खरे होते, त्या मुलीच्या आणि माझ्याही हिताचे होते, आणि भर वर्गात न बोलता त्याने वेळही नीट निवडली होती. ज्या वर्गात मी त्याला मुका केला होता, त्याच वर्गात तो दुसऱ्यासाठी बोलला.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीची माफी मागितली. आपल्या घरी असे बोलणारे एखादे मूल असेल, तर त्याला गप्प करू नका.

जय भीम! नमो बुद्धाय!